गुरुवारचा आवाज

परवा पिंपरीत साडी फॉल लावायला टाकायला गेले होते. शेजारच्या मोबाइलच्या दुकानात ‘सेकंड शिफ्ट’ हे गाणं लागलं होतं. फॉलवाली मान डोलवत म्हणाली, "काय आवाज आहे ना?" मी तिच्याशी उगाचच तुसडेपणानं बोलले. "आवाज बरा आहे, पण गाणं त्याचं नाही," म्हटलं, साडी काउंटरवर ठेवली आणि बाहेर पडले. बिचारीचा काय दोष! त्या गाण्याचा खरा आवाज तिनं कधी ऐकलेला नाही आणि आता तो कुणालाच ऐकता येणार नाही. तो ऐकून अजून आठवणारी आम्ही जेमतेम एक बसभर माणसं आहोत. बसभर माणसांना राग आल्यानं जगाचं काही अडत नाही, हे मलाही कळतं. तरी राग येतो आणि म्हणून हे लिहायला बसले.

बस आमच्या कंपनीची. चिंचवडहून निघते, भोसरी, मोशी, कुरुळी असं करत चाकणला पोचते. पोचते म्हणजे पोचवते एकदाची. मी खरेदी विभागात कामाला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मागच्या चाकावरच्या सीटवर जाऊन बसले, कारण खिडकीजवळची तेवढी एकच रिकामी होती. तिथं पायाखाली चाकाचा फुगवटा येतो आणि खड्डा आला की पाठीचा कणा टाळूपर्यंत हादरतो. रिकामी का होती ते मला मोशीपर्यंत कळलं असतंच, पण त्याआधी भोसरीला एक बुटका, भरदार छातीचा माणूस चढला आणि माझ्यासमोर उभा राहिला. समोर टक्कल, मागे मात्र रबर लावून बांधलेली शेपटी.

"ताई, उठा. ही शीट बेसची हाय."

मला वाटलं राखीव वगैरे असेल. मी घाईघाईनं उठले. तर म्हणे, "इथं चाकातनं बेस ऐकू येतो, खालचा घुमनारा सूर. पुढं नुस्ता हॉर्न. तुमी पुढं बसा, तुमाला चालंल."

हे ढगेमामा. प्रभाकर ढगे. कंपनीत कॉम्प्रेसर आणि जनरेटर त्यांच्या ताब्यात. भोसरी गावठाणातलं जुनं घराणं. जमीन केव्हाच एमआयडीसीत गेलेली. बोलणं अस्सल गावाकडचं आणि डोक्यात मात्र विजेची गिटार. ती शेपटी सेफ्टीवाल्यांना खुपायची. मशीनमध्ये अडकेल म्हणून कापायला सांगितली, तर मामांनी ती हेल्मेटमध्ये कोंबायला सुरुवात केली आणि हेल्मेट दिवसभर काढेनात. कॅन्टीनमध्येसुद्धा हेल्मेट घालून भाकरी खायचे. शेवटी सेफ्टीवालेच दमले.

त्यांच्याकडे जगातल्या सगळ्या गोष्टींसाठी दोनच शेरे होते. आवडलं की ‘कच्चं हाय’ आणि नावडलं की ‘पॉलिश मारलंय’. नवे मॅनेजर, नवी बस, टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा, सगळ्याला पॉलिश. उलट ड्रायव्हर नानांचा खोकला, कुरुळीच्या टपरीवरचा चहा, माझं साहेबांशी झालेलं भांडण, हे सगळं कच्चं. एकदा त्यांनी कॅन्टीनवाल्याला मनापासून शाबासकी दिली, "आज भाजी एकदम कच्ची, राव!" तर त्यानं भांडं उचलून परत गॅसवर ठेवलं. ते त्याला समजावत बसले नाहीत. म्हणाले, "शिजू दे. कदर न्हाई त्याला."

आणि गुरुवार. आमची सुट्टी रविवारची, पण मामा मनानं गुरुवारी सुट्टीवर असायचे. कॉम्प्रेसरचा आवाज बदलला तर धावत जायचे, तेवढं सोडून गुरुवारी त्यांना काम सांगायचं नाही, असा अलिखित नियमच झाला होता. कारण विचारलं की म्हणायचे, "आमच्या बँडचा वार हाय."

बँडचं नावच ‘गुरुवार’ होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भोसरी एमआयडीसीत विजेची वाटणी असायची. गुरुवारी कारखान्यांची लाइट बंद, म्हणून साप्ताहिक सुट्टीही गुरुवारी. आयटीआय करून अप्रेंटिस लागलेली चार पोरं त्या दिवशी एका ओळखीच्या लेथच्या कारखान्यात जमायची. शेखर गिटारवर, मामा गायला आणि बाकी दोघं ड्रम आणि दुसऱ्या गिटारवर. पिंपरी कॅम्पातून आणलेल्या परदेशी कॅसेटी झिजेपर्यंत ऐकून त्यांनी स्वतःची मराठी गाणी केली. भोंगा, ओव्हरटाइम, गेटवर थांबलेली सायकल, परमनंट न होणं, असले विषय. मी विचारलं होतं, "मामा, हा प्रकार नेमका कुठला?"

"आल्टरनेटिव रॉक."

"म्हणजे?"

"म्हंजी ऑर्केस्ट्रात घेत न्हाईत ते."

नावामुळे एकदा भलताच घोटाळा झाला. तळवड्याकडच्या एका मंडळानं ‘गुरुवार’ नाव ऐकून त्यांना दत्तजयंतीला बोलावलं. हे चौघं ड्रम घेऊन गेले, तर समोर टाळ घेतलेली म्हातारी मंडळी आणि ताटात सुंठवडा. बाकीचे तिघं पळायच्या बेतात. मामा म्हणाले, बोलावलंय तर गाऊ. आणि त्यांनी ओव्हरटाइमवरचं गाणं सुरू केलं. पहिल्या कडव्याला कुणी हललं नाही. दुसऱ्याला एका आजोबांनी टाळ धरला. शेवटी अख्खं मंडळ ‘जादा पगार नको, घरी जाऊ द्या’ म्हणत होतं. "आरती नंतर झाली," मामा अभिमानानं सांगायचे, "आदी आमी झालो."

पण या बँडची खरी गंमत वेगळीच होती. लाइट नाही म्हणून अँप्लिफायर जनरेटरवर चालायचा. सूर जुळवायला यांच्याकडे पेटी नव्हती, काही नव्हतं. मग त्यांनी काय करावं? जनरेटरच्या घुमण्यालाच सा धरला आणि गिटारी त्याला जुळवल्या. कुठल्याही पट्टीत न बसणारा तो सूर, काळी नाही आणि पांढरी नाही. गाण्याचं शिक्षण झालेल्या माणसानं असली चूक केली नसती. यांना ती चूक आहे हेच माहीत नव्हतं. डिझेल संपत आलं की जनरेटरचा सूर खाली यायचा आणि त्याच्यासोबत मामांचा आवाजही. ‘सेकंड शिफ्ट’ रेकॉर्ड करताना नेमकं तसं झालं. टेपरेकॉर्डर सेलवर होता म्हणून तो तेवढा नीट चालला. शेवटच्या ओळीला इंजिन धापा टाकायला लागलं, मामा गात गात खाली खाली गेले आणि शेखर वाजवता वाजवता गिटारच्या खुंट्या सैल करत त्यांच्याबरोबर उतरला.

"एका हातानं खुंटी, एका हातानं तार," मामा दाखवायचे. "मला एकट्याला सोडलं न्हाई पठ्ठ्यानं."

हे मी ऐकलेलं आहे. सांगोवांगी नाही. चाकणच्या चौकात एकदा बस अशी अडकली की नानांनी इंजिनच बंद केलं. त्या दिवशी मामांनी पिशवीतून जुना टेपरेकॉर्डर काढला आणि एका डब्यातून कॅसेट. डब्यात कंपनीच्या पॅकिंगमधल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या भरलेल्या. मी लहानपणापासून नाट्यगीतं ऐकलेली बाई. सुरुवातीला मला नुसती खरखर वाटली. मग तो आवाज आला. जाडाभरडा, छातीतून निघालेला, कुठंही गोड व्हायचा प्रयत्न न करणारा. ‘भोंगा झाला, गेट सुटलं, तू नाही आलीस’, इतकेच शब्द. शेवटी तो आवाज खाली जायला लागला तेव्हा उभ्या बसमध्ये मी पुढच्या सीटचा दांडा धरला. आमच्या क्वालिटीतला गोरे, लातूरचा, एरवी तोंड मिटत नाही त्याचं. तो मान खाली घालून बसला होता. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. मामा डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तसा मी तरी स्वतःच्या कामाबद्दल कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

त्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. तो आवाज आपला आहे, हे लोकांना कळावं.

बँड फुटला तो कुणाच्या भांडणानं नाही. ड्रमवाला वारला, दुसरा गिटारवाला आखातात गेला, शेखर मुंबईला. शेखर जाहिरातींची गाणी करू लागला, नाव झालं. त्याला अहोजाहो करणं मी मुद्दाम टाळतेय, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल. त्या काळी ‘गुरुवार’च्या कॅसेटीच्या कॉप्या आणि कॉप्यांच्या कॉप्या आकुर्डी-निगडीच्या हॉस्टेलांत फिरायच्या. पुढं कॅसेटी गेल्या, पोरं बापे झाली आणि गाणी विसरली गेली. मग दोन-तीन वर्षांपूर्वी शेखरनं एका कार्यक्रमात ‘सेकंड शिफ्ट’ची एक ओळ नुसती गुणगुणली आणि ती मोबाइलवर वाऱ्यासारखी पसरली. ते जुने बापे जागे झाले. एका संगीत कंपनीनं शेखरला विचारलं, ‘गुरुवार’च्या निवडक गाण्यांचा संग्रह काढू या का?

मामा आधी भडकले. "निवडक म्हंजी काय? लेकरांतली निवडक लेकरं ठिवतंय का कोन? आनि हिट कुठलं झाल्तं आमचं?"

गोरे म्हणाला, "मामा, हिट नसंल, पण पाठ तर होतं की लोकायला."

"व्हय. पाठ व्हतं," मामा म्हणाले आणि त्यांचा विरोध तिथंच मावळला.

शेखर स्वतः भोसरीला त्यांच्या घरी आला. मामींच्या हातचं कालवण खाल्लं, जुने किस्से काढून दोघं रडलेसुद्धा म्हणे. मूळ कॅसेटी मामांकडे होत्या. त्या साफ करून, खरखर काढून, नव्यानं बाहेर काढायच्या असं ठरलं. शेखर त्या न्यायला पुढच्या रविवारी येणार होता. मी सहज म्हटलं, "मामा, पिंपरी कॅम्पात एक दुकान आहे. कॅसेटवरचं सगळं मोबाइलमध्ये घालून देतात. द्यायच्या आधी एक कॉपी काढून ठेवू या."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या घरच्या माणसाला चोर म्हटलं होतं.

"ताई, आमच्यात कॉपी न्हाई काडत. शेखरवर संशय घिऊ का मी?"

"संशयाचा काय संबंध? प्रवासात काही झालं तर?"

"त्याच्या हातात हाय म्हंजी माज्याच हातात हाय."

कारखान्यात कामाची वस्तू द्यायची तर गेटपास लागतो, सही लागते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण बँडमध्ये सही मागणं त्यांच्या लेखी पाप होतं. त्यांनी तो डबा पुड्यांसकट शेखरच्या हातात दिला.

संग्रह यायच्या दिवशी मामा भोसरीच्या थांब्यावर इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. हातात पेढ्यांचा मोठा बॉक्स. बसमध्ये चढले ते पेढे वाटतच. माझ्या हातावर दोन ठेवले. "एक तुमच्या नाट्यगीताला," म्हणाले. गोरेनं मोबाइल नानांच्या स्पीकरला जोडला. मोशीच्या पुढं रस्ता जरा मोकळा झाला तसा नानांनी आवाज मोठा केला.

आधी गिटार आली. स्वच्छ, झुळझुळीत. मामांनी डोळे मिटले. मग आवाज आला.

गोड होता. घासूनपुसून लख्ख केलेला, तरुण, सुरात अगदी चपखल. क्षणभर कुणाला काही समजेना. मला वाटलं, खरखर काढल्यावर आवाज असा होत असेल. गोरेनं मामांकडे पाहिलं.

"मामा, हे कोण गायलंय?"

मामांचे डोळे उघडले होते. "शेखर," ते म्हणाले.

"तुमचं पुढं असंल. थांबा, पुढचं लावतो."

पुढचं लावलं. तेही शेखर. त्याच्या पुढचंही शेखर. दत्तजयंतीला अख्ख्या मंडळानं म्हटलेलं गाणंही शेखरच. गोरे एकेक गाणं ढकलत होता आणि प्रत्येक वेळी तोच गुळगुळीत आवाज येत होता. मामांच्या नावाचं विचाराल तर होतं. चौघांच्या नावांत शेवटून दुसरं. काय केलं ते लिहिलेलं नव्हतं. कुरुळी आली तेव्हा नानांनी कुणी न सांगता स्पीकर बंद केला. मामांच्या मांडीवर पेढ्यांचा बॉक्स तसाच उघडा होता. त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "घ्या की. ऱ्हायल्यात अजून." आम्ही सगळ्यांनी परत एकेक पेढा घेतला. इतका वाईट पेढा मी जन्मात खाल्ला नाही.

परतीच्या बसमध्ये त्यांनी शेखरला फोन लावला. स्पीकरवर टाकला, आम्हालाही कळावं म्हणून असेल. माझी खात्री आहे, त्यांना अजूनही वाटत होतं की काहीतरी खुलासा निघेल.

"पभ्या, तुला सांगणारच होतो रे," शेखर म्हणाला. "तुझा आवाज कुठल्या पट्टीतच बसेना. कीबोर्ड लावायला गेलो की सगळं बेसूर. कंपनी म्हणाली, आजच्या कानाला हे चालत नाही. नाहीतर गाणीच आली नसती. मी गायलो ते तुझ्यासाठीच ना? गाणं तरी जगलं."

मामांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "बरं. माज्या टेपा दे परत."

"टेपा..." शेखर म्हणाला. "अरे, स्टुडिओ बदलला त्यांनी मध्ये. जुनं सामान सगळं काढून टाकलं. मी चौकशी केली, नाही मिळाल्या. मला वाटलं, तुझ्याकडं कॉपी असणारच."

मी खिडकीबाहेर बघत होते. मामांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर मला तोंड लपवावं लागलं असतं, इतकी मला त्यांची दया आली आणि तितकाच रागही आला. त्यांनी पाहिलं नाही. "बरं, ठिवतो," म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

पुढचे काही आठवडे आमची सगळी बस पेटून उठली होती. मामांच्या आवाजाची एखादी जुनी कॉपी मिळते का म्हणून प्रत्येकानं आपापल्या ओळखीत शोध घेतला. आकुर्डीत कुणाच्या तरी माळ्यावर एक कॅसेट सापडली. बुरशी आलेली. गोरेनं जपून पेन्सिलीनं फिरवली, तर फीत चिकटून तुटली. मग आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर त्या संग्रहाखाली लिहायला सुरुवात केली: हा खरा आवाज नाही, खरा गायक वेगळा आहे. मी आयुष्यात कधी असल्या ठिकाणी अक्षर लिहिलेलं नाही. मीही लिहिलं. खाली लोकांनी उत्तरं दिली. जळकुटे, म्हणाले. जुन्या हॉस्टेलवाल्यांना शब्द आठवत होते, आवाज नाही. एकानं पुरावा मागितला. पुरावा कुठून आणायचा?

मामा यात कुठंच नव्हते. ते चाकावरच्या सीटवर बसून ऐकायचे, गोरेनं गाऊन दाखवा म्हटलं तर हात हलवून नको म्हणायचे. पण चिंचवडच्या नाट्यगृहात ‘गुरुवार’चा कार्यक्रम जाहीर झाला तेव्हा त्यांनीच येऊन सांगितलं, "मला बोलावलंय. तुमी समदे या."

आम्ही सगळे तिकिटं काढून गेलो. बेत ठरला होता. ‘सेकंड शिफ्ट’ सुरू होणार तेवढ्यात गोरे उठून ओरडणार आणि आम्ही त्याला साथ देणार. तसंच झालं. शेखरनं गिटारवर पहिले चार सूर छेडले आणि आमच्या रांगेतून आवाज उठला, "ढगेमामा! ढगेमामा!" मीसुद्धा ओरडले. पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघत होत्या, बघू देत.

शेखर हसला. मोठ्या मनानं हसला, तसं हसता येतं त्याला. "अरे, आमचा पभ्या पहिल्या रांगेतच बसलाय! ये, ये वर ये." मामांना त्यानं हात धरून वर नेलं आणि माइक त्यांच्या हातात दिला. "म्हण, पभ्या."

कीबोर्डवाला मागे एक सूर धरून होता. मला आठवतं, मी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. आता सगळ्यांना कळणार. एक ओळ, नुसती एक ओळ गायली की पुरावा मागणाऱ्याचं तोंड बंद होणार.

मामांनी माइक तोंडाशी नेला. घसा खाकरला. म्हणाले, "ही माजी बसमधली मान्सं हायेत. जीव लावत्यात. पन खरं सांगू का, माजा आवाज तवाबी बरोबर नव्हता. शेखरनं गानं वाचिवलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेखरनं त्यांना मिठी मारली. कुणीतरी शाल आणली, नारळ आणला. आमची रांग उभी होती ती एकेक करत खाली बसली. गोरे तर बसलाच नाही, तो सरळ बाहेर निघून गेला.

माझा राग शेखरवर होता तोवर सोपं होतं. तो परका, मोठा झालेला, मुंबईचा. त्याच्याकडून दुसरं काय अपेक्षित होतं? पण ज्या माणसासाठी आम्ही जगाशी भांडत होतो त्यानं भर सभेत आम्हाला वेड्यात काढलं होतं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांच्याशी कुणी बोललं नाही. मला राहवेना. मी उठून त्यांच्या शेजारी, त्या फुगवट्यावर पाय घेऊन बसले.

"मामा, का केलंत असं?"

मोशी गेली, कुरुळी आली तेव्हा बोलले.

"ताई, माइक हातात आला. मागं ती पेटी, बरोबर पट्टीत. मला माजा सूर सापडंना. हॉल भरून लोक. मनात आलं, शेखर म्हनतो तेच खरं असंल तर? टेप न्हाई, काय न्हाई. आता कोन सांगनार, कसा व्हता आवाज?"

"आम्ही सांगणार! आम्ही ऐकलाय मामा. चाकणच्या चौकात, या बसमध्ये. मी ऐकलाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही, मायेनंच म्हणाले, "तुमाला गान्यातलं काय कळतं, ताई?"

मी उठून माझ्या जागेवर गेले. यापेक्षा त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. गाण्यातलं मला कळत असेल-नसेल, पण त्या दिवशी चौकात उभ्या बसमध्ये मी दांडा धरला होता, ते खोटं नव्हतं. शेखरनं त्यांचा आवाज नेला, तो त्याच्या हातात होता म्हणून. माझ्या कानांत जेवढा उरला होता तेवढा मामांनी स्वतः काढून टाकला. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला आणि खोटं कशाला बोलू, अजून पुरता गेलेला नाही.

त्यानंतर मामा बसमध्ये कुठंही बसायला लागले. शेपटी एक दिवस कापून आले, आणि सेफ्टीवाल्यांनी काही विचारलंही नाही. गुरुवारी काम सांगितलं तर करायचे. कशाला कच्चं म्हणेनात, कशाला पॉलिश म्हणेनात. लोक परत बोलायला लागले त्यांच्याशी. रोजचा प्रवास आहे, किती दिवस अबोला धरणार? पण बोलायचे ते ट्रॅफिकबद्दल, हवेबद्दल, गोरेच्या लग्नाबद्दल.

ते निवृत्त झाले त्या दिवशी कॅन्टीनमध्ये निरोप समारंभ होता. साहेबांचं भाषण झालं. घड्याळ दिलं, मामींना साडी दिली. एचआरमधली नवी मुलगी हौशी. तिला मागचं काही ठाऊक नव्हतं. तिनं जाहीर केलं, "आपले ढगेमामा एका फेमस बँडमध्ये होते. मामा, आज गाणं झालंच पाहिजे!" आणि मोबाइलवरून शेखरचं ‘सेकंड शिफ्ट’ लावून माइक त्यांच्या हातात दिला. गोरेनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.

मामा उभे राहिले. गाणं सुरू झालं आणि त्यांचे ओठ हलू लागले. शब्दन् शब्द बरोबर. आवाज शेखरचा येत होता आणि तोंड मामांचं हलत होतं, इतकं बेमालूम की पाठीमागची नवी पोरं एकमेकांना म्हणाली, काय गातात राव! फक्त एका ठिकाणी चुकलं. शेखर जिथं श्वास घेत नाही तिथं मामांची छाती भरून वर आली, पूर्वी ते तिथं श्वास घेत असावेत. गाणं पुढं गेलं आणि ते क्षणभर तसेच तोंड उघडं ठेवून थांबले. माझा जीव कानात गोळा झाला होता. मग त्यांनी तो श्वास तसाच सोडून दिला आणि पुढच्या ओळीवर ओठ परत जुळवून घेतले.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या. मामांनी हसून सगळ्यांना हात जोडले आणि माइक त्या मुलीला परत दिला. मामांचा आवाज आला नाही म्हणून माइक बंद असेल असं तिला वाटलं असावं. तिनं त्यावर बोटानं टिचकी मारली. कॅन्टीनभर ठक् असा आवाज झाला. माइक चालूच होता.